गळ्यातली धास्ती

मुदखेड
१२ फेब्रुवारी २०२५

चि. बजरंगास, आक्काचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. दाजींची रेल्वेतली ड्युटी नेहमीसारखीच. तू पाठवलेले हरभऱ्याचे डहाळे मिळाले. दोन दिवसांपासून तुझी बायको सुकन्या इथे येऊन बसली आहे. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी तिच्याच हाती देते. तिच्यावर रागावू नकोस. आधी वाच, मग फाड.

लातूरच्या दवाखान्यातून तू ऑपरेशनच्या कागदावर सही न करता उठून आलास म्हणे. डॉक्टरांनी नाकातून कॅमेऱ्याची नळी घालून पाहिलं. पडजीभ लांब, टॉन्सिल सुपारीएवढे, खालचा जबडा मागे. झोप लागली की हे सगळं सैल पडतं आणि श्वासाची वाट मिटते, तासाला बेचाळीस वेळा. झोपेत श्वासाला हवा देणारं मास्कचं मशीन तू आठ दिवसांत फेकलंस. तोंडावर काही आलं की तुला ती माती आठवते, ते मला कळतं. म्हणूनच आता टॉन्सिल काढून टाळूचं सैल मांस ताणून शिवायचं म्हणतात. तर तू डॉक्टरांना म्हणालास, "हे गळ्याचं न्हाई साहेब, भूकंपाचं हाय. धास्ती कापून निघत नसती."

किल्लारीत तुला कोण खोटं पाडणार? आठ वर्षांचं पोर सात तास मातीखाली होतं, ते झोपेत गुदमरणारच, असं आपण सगळ्यांनीच ठरवून टाकलं. अंगारे झाले, ताईत झाले. तुझ्या घशात बॅटरी मारून मात्र कुणी पाहिलं नाही.

पण गेल्या आठवड्यात औसा रोडला भरदुपारी जीप चालवताना तुझा डोळा लागला आणि ती चिंचेच्या झाडापासून हातभर अंतरावर थांबली. आत अकरा माणसं होती. सुकन्याने हे सांगितलं आणि मी तशीच लिहायला बसले.

बजरंग, आता लिहिते ते मी एकतीस वर्षं गिळून बसले आहे. तुझं घोरणं भूकंपाच्या आधीचं आहे.

त्या रात्री विसर्जन करून आलो आणि सगळे अंगणात आडवे झालो. तू असा घोरत होतास की मला झोप लागेना. तेव्हा मी तेरा वर्षांची, आणि तापट. आईला म्हणाले, "ह्याला आत घिऊन जा, न्हाई तर मी इथं झोपत न्हाई." आई उठली. तुला खांद्यावर घेऊन घरात, मातीच्या जड माळवदाखाली गेली आणि तुझ्याजवळच पडली. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली.

तू निघालास. ती निघाली नाही.

पुढे लोक म्हणाले, पोरगं धास्तीने घोरतं. मी मान डोलावली. आधीपासूनच घोरतो म्हटलं असतं, तर तू आत कसा गेलास हे कुणीतरी विचारलं असतं. मी स्वतःला वाचवलं आणि तुझं दुखणं तसंच राहू दिलं. याची मला फार लाज वाटते.

डॉक्टरांना हे सगळं सांग. ती धास्ती नाही रे, मांस आहे. ते कापून निघतं. सोमवारी बोलावलंय, तर जा आणि सही कर. नंतर जन्मभर माझ्याशी बोलला नाहीस तरी मी तक्रार करणार नाही.

सोमवारी मी दवाखान्याच्या दारात असेन. आत बोलावलंस तर येईन, नाही तर बाहेरच बसेन.

तुला त्या रात्री आत पाठवणारी,
तुझी आक्का