जुनी लाईन कापू नका

कोंढा,
९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. नंदिनीले आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरी फोन एकच, तोबी तुह्या बाबाच्या खिशात. म्हून शेजारची चंद्रकला वरठीले निघाली तं तिच्यापाशी चिठ्ठी देऊन रायली. वाचून फाडजो.

तुहा भाऊ देवानंद मले लिवते. तुह्या नणंदेसंग साक्षगंध झाल्यावर त्यानं सोयरीक मोडली, बाबानं त्याले घराबाहेर काढलं, तवापासून. दुकानाच्या कॉम्प्युटरवर ई-मेल येते. बाबा जेवून पडले का मी हळूच पाहते. तो बरा आहे, माह्ये गुडघे कसे हायेत, एवढंच असते. मले टायपिंग येत नाही, मी नुसतं जोडलेल्या हाताचं चित्र पाठवते.

आता बाबानं दुसऱ्या कंपनीचं नेट लावलं. लावणारा म्हणे, जुनी लाईन गेली का तिचा ई-मेलबी गेला. माह्या लेकाले दुसरा पत्ता माहीत नाही. जुना तसाच ठेवता येते काय, विचारून कळवजो. अन् तुह्या सासरी बोलजो नको.

तुझी आई,
यशोदा

*

वरठी,
११ सप्टेंबर

ती. आईस नंदिनीचा शि. सा. न. वि. वि.

आधी राग आला तुझा, मग रडू आलं. अवं माय, तीन वर्षं हे एकटी पोटात घेऊन बसली! नणंदेचं लग्न झालं, तिचं लेकरू अंगणात खेळते. इथं कोणी ती गोष्ट काढत नाही. राग धरून बसले ते आपलेच बाबा.

जुन्या कंपनीत फोन केला. लाईन नसली तरी ई-मेल ठेवता येते म्हणे, पण लाईन कापायच्या आधी अर्ज पाहिजे. अन् कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याचाच. म्हणजे बाबाले सांगितल्याबिगर इलाज नाही. घर डोक्यावर घेतील, घेऊ दे. त्याआधी देवानंदले माझा नंबर पाठव. आकडेच दाबायचे आहेत, तेवढं जमते तुले.

भिऊ नको. तुझी माया आमच्यावर आहेच, ती अशीच असू दे.

तुझी,
नंदिनी

*

कोंढा,
१४ सप्टेंबर

चि. सौ. नंदिनीले बाबाचे आशीर्वाद.

तुह्या आईनं सारं सांगतलं. मी ताट सारून उठलो, तिले नाही नाही ते बोललो. मंग तिनं देवानंदचा शेवटचा ई-मेल तोंडपाठ म्हणून दाखवला. "आई, बाबा रागात असन तं राहू दे. हा पत्ता तेवढा बंद नको करजो. हा आहे तवरक मले घर आहे."

तसाच गाडी काढून पवनीले जुन्या कंपनीच्या ऑफिसात गेलो. उशीर झाला होता. जुनी लाईन बंद कराची सही मीच सोमवारी देऊन आलो होतो. आईलेबी तुझा नंबर पाठवता आला नाही, ई-मेल उघडलाच नाही. त्याचा पत्ताबी त्यातच रायला, दुसरीकडं कुठं लिवला नाही. मी सायबापुढं हात जोडले, पोरी. परत चालू होत नाही म्हणे.

आता त्यानं लिवलं तं त्याले काय दिसन, म्हून विचारलं. तर म्हणे, असा पत्ता नाही म्हणून त्याचं त्याले परत जाते.

म्हणजे तो समजन, बापानं हेबी दार लावलं. पहिलं मीच लावलं होतं, जाणूनबुजून. यावेळी मले माहीतच नव्हतं. तो कुठं भेटला तं त्याले एवढं सांगजो.

तुझा बाबा,
बुधराम