सात नंबरचा नमुना

४ नोव्हेंबर

रेषा वाकली! सात नंबरचा नमुना पाच वर्षं भट्टीत आहे, खाली वजन टांगलेलं. तापलेलं पोलाद ओझ्याखाली केसाकेसाने लांबत जातं, त्याला आम्ही क्रीप म्हणतो. इतके दिवस लांबी संथ वाढत होती, रेषा सरळ होती. आज ती वर वळली. म्हणजे आता तुटणार!

संगणकातलं माझं मॉडेल मात्र सरळच चाललंय. त्याच्या मते हा नमुना अजून नऊ वर्षं टिकतो. याच मॉडेलवर एप्रिलमध्ये मी वीजकेंद्रातल्या वाफेच्या नळीला ‘चालेल’ असा शेरा दिला. पोलाद तेच. धाकटा भाऊ शुहेई तिथेच कामाला आहे. भारी खूश झाला होता तेव्हा.

६ नोव्हेंबर

आमच्या प्रयोगशाळेतल्या कुरोइवासानना मॉडेल दाखवलं. तीस वर्षं भट्ट्या सांभाळतायत. चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघत बसले.

“मुली, तुझं पोलाद म्हातारंच होत नाही गं.”

बस्स! मॉडेलमध्ये मी फक्त मधला संथ टप्पा घातला होता. आत बारीक पोकळ्या पडतात, वाढतात, उरलेल्या धातूवर ओझं वाढतं — हे कुठेच नाही! लाज वाटली. पण हात शिवशिवतायत.

९ नोव्हेंबर

पोकळ्यांचं गणित मॉडेलमध्ये घातलं! डाव्या हातात ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, उजव्या हाताने काम.

११ नोव्हेंबर

नवी रेषा भट्टीतल्या मोजमापांच्या सगळ्या टिंबांतून गेली. दोऱ्यात मणी ओवावेत तशी! तुटायची तारीख निघाली — १९.

नमुना तुटायला आला की आमच्याकडे प्रत्येकाने अंदाजाची चिठ्ठी भट्टीला चिकटवायची. ज्याचा अंदाज सगळ्यात लांबचा, त्याने महिनाभर चहा करायचा. मी १९ लिहिलं, कुरोइवासाननी २७. संगणकावर विसंबून लिहिणाऱ्यांचा चहा पांचट असतो म्हणे. बघतेच!

१५ नोव्हेंबर

अजून काही नाही. दर तासाला भट्टीपाशी जाते. सगळे हसतात, हसू देत.

१९ नोव्हेंबर

तुटला! दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. मी चक्क नाचले. कुरोइवासान मान लववून स्वतः चहा घेऊन आले. नोकरी लागली तेव्हासुद्धा मी इतकी खूश नव्हते.

२० नोव्हेंबर

आज नवं मॉडेल नळीवर चालवलं. इतके दिवस हे सुचलंच नाही मला! नमुन्याच्या नादात नळी विसरले. तिची फुटायची तारीख निघाली गेल्या मार्चची. माझ्या शेऱ्याच्याही आधीची.

शुहेईला फोन केला. म्हटलं, वाफ बंद करायला सांग, सगळ्यांना बाहेर काढ.

“ताई, थंडी आहे ना,” तो म्हणाला, “सगळे नळीखालीच जेवायला बसलेत.”