‘मेसा’ मांडली, त्याची रुखरुख

बेळगाव, सोमवार, ११ जून १९३४

कॉन्व्हेंटातल्या स्पॅनिश सिस्टरबाई मला त्यांची भाषा शिकवतात. आजचा शब्द ‘मेसा’, म्हणजे टेबल. “मेसा मांड,” त्या म्हणाल्या. मी लगबगीने दौत, टाक, टीपकागद ओळीने मांडले. आमच्या घरी टेबल एकच, आप्पांचे वकिलीचे; जेवतो आम्ही पाटावर. सिस्टरबाई हसून बेजार. मेसा मांडणे म्हणजे जेवणाची तयारी! मग त्यांच्या सहा ताटल्या मी मांडल्या. खाल्ले काही नाही. पण परधर्मीयांच्या ताटल्यांना हात लागून विटाळ झालाच ना? घरी सांगावे तर शिकणे बंद. न सांगावे तर खोटेपणा, आणि मुळाक्षरे गिरवून घेतली ती आप्पांनीच.

दिवेलागणीला त्यांना सांगून टाकले. ताटल्या सहा होत्या, हेही.

“आता उद्या तिथंच जेवायला बस गं!” आक्का फणकारली. सख्खी बहीण, पण बोलते सासूसारखी.

आप्पा म्हणाले, “आणि जेवण झाल्यावर ताटल्या उचलायच्या, त्याला काय म्हणतात?”

“ते अजून शिकवलं नाही,” मी म्हटले.

“मग अर्धंच शिकून कशाला आलीस? उद्या विचारून ये. आणि घरात आलीस की आधी हातपाय धू.”