जावईबापूंच्या घोडीचे दिवस

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार मनातल्या मनात घातला असं समज, कारण सध्या मला वाकता येत नाही आणि डावा हात प्लास्टरमध्ये आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबांचा खोकला थांबला, की अजून पंख्याला बोल लावताहेत? इकडे सगळं खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. त्यातली घोडी खरोखर खुशाल आहे. बाकीच्यांचं सांगते.

हे स्थळ तूच आणलंस. मुलाचा स्वतःचा तबेला आहे, घोडेस्वारी शिकवतो, मुक्या जनावरावर एवढा जीव लावणारा माणूस बायकोला काय कमी करणार, असं तू म्हणालीस आणि बाबांनी मान डोलावली. (बाबांचा घोड्यांशी संबंध बुद्धिबळापुरताच.) तर तुझे हे जावईबापू जीव लावतात, यात शंका नाही. दिवस मोठे व्हायला लागले की आमची तपकिरी घोडी माजावर येते. पुन्हा थंडी पडेपर्यंत दर तीनेक आठवड्यांनी तिचं हेच. एरवी ती इतकी गरीब, की शिकाऊ पोरं तिच्या पोटाखालून आरपार जातात. पण त्या पाचसहा दिवसांत तिला कुणी ओळखू नये. पोटाखालून खोगिराचा तंग आवळायला गेलं की दात दाखवते, लगाम घेत नाही, कान मागे टाकून किंचाळते, आणि कुंपणापलीकडे पाववाल्याच्या गाडीचा घोडा दिसला की शेपटी वर करून तिथेच ठाण मांडते. पाववाल्याचा घोडा म्हातारा, त्यात खच्ची केलेला. तो बिचारा ओशाळून दुसरीकडे बघतो. (तिला त्याच्यात काय दिसतं देव जाणे. पण स्थळांच्या बाबतीत मी कुणाला नावं ठेवू नयेत.)

यंदा त्याच दिवसांत आमच्याकडे घोडेस्वारी शिकायला येणारे निवृत्त न्यायाधीश तिच्यावर बसले. घोडी त्यांना घेऊन थेट कुंपणाशी गेली, पाववाल्याच्या घोड्याकडे पाठ केली, धार सोडली आणि उभी राहिली. साहेबांनी आधी लगाम ओढला, मग कोर्टातल्यासारखी समज दिली, मग टाच मारली. टाच तिला मान्य नव्हती. तिने मागची बाजू उचलली आणि साहेब लिदीच्या ढिगात. जावईबापू धावले, ते साहेबांना ओलांडून घोडीकडे. तिच्या गळ्यात हात टाकून, झालं हं राजा, झालं, असं म्हणत उभे राहिले. साहेबांना मी उपसलं. त्यांची विजारही मीच धुतली. ती न्यायला त्यांनी गडी पाठवला, स्वतः काही फिरकले नाहीत.

मग जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. बाई शहाण्या. म्हणाल्या, हा निसर्ग आहे, काही घोड्यांना या दिवसांत पोटात आणि कमरेत दुखतं, तंगाचा स्पर्शसुद्धा सोसत नाही. मारू नका, ओरडू नका, काम हलकं ठेवा, आणि न बोलता मागून जवळ जाऊ नका. जावईबापूंनी हे सगळं हात जोडून ऐकलं. त्या दिवसापासून घरात भांडं वाजवायची चोरी. रेडिओ बंद. माझी रबराची गरम पाण्याची पिशवी उशाखालून उचलून घोडीच्या कमरेवर गेली. दोन दिवसांनी माझेही तेच दिवस आले. (माझेही येतात, हे त्यांना माहीत आहे. इतकी वर्षं स्वयंपाक त्या दिवसांतही होतोच, त्यामुळे विसरायला सोपं जातं.) मी पिशवी मागितली. अगदी चढ्या आवाजात नाही, मागतात तशी मागितली.

घोडीच्या पाठीवरचा खरारा न थांबवता ते म्हणाले, "तिला सांगता येत नाही गं. तुला बोलता तरी येतं."

त्यावर मी बोलणं बंद केलं. संध्याकाळ गेली, दुसरी सकाळ गेली, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी कळ असह्य झाली तशी पिशवी आणायला मी स्वतः तबेल्यात गेले. मागून गेले, आणि अर्थात न बोलता गेले. तिने झाडलेली लाथ मनगटावर बसली आणि मी भिंतीवर कमरेत आपटले. जावईबापू पळत आले. आधी त्यांनी तिचा खूर उचलून चाचपला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, बोलत का नाही आलीस?"

घोडीवर माझा राग नाही, आत्या. तिचं दुखत होतं, तिने सांगितलं. मला ते नीट ऐकू आलं.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुझी भाची

ता. क. पत्राचं कारण राहिलंच. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, घोडीला काही दिवस दुसरा घोडा दिसणार नाही अशा जागी ठेवा. जावईबापूंना तुझं मागचं कुंपणाचं शेत आठवलं. तिच्यावर कुणी ओरडायचं नाही, जेवली का ते विचारत राहायचं आणि पाठीवरून हात फिरवायचा, एवढं तुला लिहायला त्यांनी मला सांगितलं आहे.

ता. क. २. टेम्पोतून घोडीबरोबर मीही येतेय. तिच्याजवळ माणूस हवं, असं मीच सुचवलं. ते लगेच कबूल झाले. हाताला जप, असंही म्हणाले. मला भरून आलं. मग म्हणाले, एका हाताने तिला पाणी कसं ओढशील?

ता. क. ३. रविवारी ते येतील. दार तूच उघड, आणि पहिली चौकशी कुणाची करतात ते ऐक. घोडीची केली तर शेत दाखव. माझी केली, तर त्यांना जरा वेळ ओट्यावर बसव. त्या बाबतीत काय करायचं, ते मी काहीच ठरवलेलं नाही.