साडूच्या बाजूची भिंत पाडून रस्ता जोडण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगर परिषद, गंगाखेड, जि. परभणी

विषय : दोन ले-आउटमधील सात फुटी भिंत पाडून रस्ता जोडणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचाच दि. ११ मार्च २०२४ चा अर्ज (सदर भिंत तातडीने बांधणेबाबत).

महोदय,

वरील विषयान्वये अर्जदार बन्सीधर किशनराव फड, निवृत्त आगार लिपिक, सविनय सादर करतो की, गावाबाहेर जेथे ज्वारीचे रान होते, तेथे आज दोन मालकांची दोन प्लॉटिंगे झालेली आहेत. दोघांनी रस्ते आपापल्या बांधापर्यंत आणून सोडले. त्यांतला एक नशिबाने समोरासमोर आला व ये-जा सुरू झाली. पलीकडचा पहिला प्लॉट अर्जदाराचे साडू श्री. योगीराज यांचा, अलीकडचा शेवटचा अर्जदाराचा.

२. पुढे पलीकडून बायपास गेला. साडूंच्या दारात सिमेंट रस्ता, नाली, दिवा सर्व आले. त्यांनी चारचाकी घेतली व ती अर्जदाराच्या दारावरून नेऊ लागले. अर्जदाराच्या पोटात दुखू लागले, हे आता लपविण्यात अर्थ नाही. संदर्भीय अर्जात "लहान मुलांना अपघाताचा धोका" असे लिहिले होते. त्या वेळी गल्लीत लहान मूल एकही नव्हते. परवानगी येताच अलीकडच्या प्लॉटिंगचे मालक श्री. दत्तराव यांनी भिंत बांधली. तिच्यावर पाणी अर्जदाराने स्वतः मारले.

३. भिंतीने साडूंचे काहीही बिघडले नाही. भाजीचा गाडा, गॅसची गाडी पलीकडूनच परततात. भंगारवालासुद्धा इकडे फिरकत नाही. अर्जदाराकडे निघालेले पाहुणे बायपासने साडूंकडे पोचतात, तिथेच जेवतात आणि "तुमचे साडू लय चांगले हायत" असे अर्जदारासच फोनवर कळवितात.

४. अर्जदाराची पत्नी सौ. राजेश्री व साडूंची पत्नी सख्ख्या बहिणी आहेत. सव्वा वर्ष दोघी शिडी लावून भिंतीवरून बोलत. पोळ्याला तिकडून पुरणपोळीचा डबा आला, तेव्हा अर्जदार बोलून गेला, "त्यांचंच लय गोड लागायलंय तर तिकडंच राहा की!" ती शिडीने पलीकडे उतरली व शिडी ओढून घेतली. आज एकोणीस दिवस झाले. निरोपास उत्तर आले, "आता येईन तर समोरच्या रस्त्यानं. शिडीनं न्हाई, अन् बायपासनं बी न्हाई." संध्याकाळी दोघींचे हसणे ऐकू येते. त्या हसण्याचाही अर्जदारास हेवा वाटतो.

५. पलीकडील प्लॉटधारकाची नाहरकत लागते असे समजल्याने अर्जदार दहा पावलांसाठी अडीच किलोमीटरचा वळसा घालून साडूंकडे गेला. ते चार शब्द सुनावतील, अशी तयारी होती. त्यांनी चहा पाजला व कागद न वाचताच सही केली. सिमेंट रस्त्यापेक्षा ती सही अर्जदारास जास्त झोंबली.

६. तरी सदर रस्ता जोडून मिळावा. पूर्ण रुंदीचा न जमल्यास एक माणूस येईल एवढी वाट तरी द्यावी. तसेच मंजुरीची एक प्रत सौ. राजेश्री फड यांना, साडूंच्या पत्त्यावर, परस्पर पाठवावी. अर्जदाराने नुसते तोंडाने सांगितलेले तिला आता खरे वाटत नाही.

सोबत : साडूंची नाहरकत, मूळ प्रत.

आपल्या आदेशाकडे डोळे लावून बसलेला,
बन्सीधर किशनराव फड
भिंतीअलीकडील शेवटचा प्लॉट, गंगाखेड
दि. १० सप्टेंबर २०२५