कानशीचा एक हात जास्त

३ मार्च
आलो एकदाचा! कुलूपवाले मिस्त्री स्वतः ट्रंक उतरवायला आले आणि तिचं कुलूप पाहून असे हसले की मीच ओशाळलो. म्हणाले, हे कुलूप कसलं, दागिना आहे. चोराला फोडायचीसुद्धा लाज वाटेल. खाली कारखाना, वर ओळीने चार खोल्या. कोपऱ्यातली माझी. फळ्यांच्या भिंती, फळ्यांचंच दार, सगळ्यांच्या तळाशी चार बोटं फट, खिडकीला गज, दाराला कुलपाची जागा रिकामी. इथली रीतच तशी आहे. शिकणाऱ्याने आपल्या दाराचं कुलूप स्वतः घडवायचं. दार लावलं की कुलूप आपोआप बसतं आणि उघडतं फक्त आतून, किल्लीनेच. शेवटच्या दिवशी दार लावून घ्यायचं आणि आपल्या हातच्या किल्लीने उघडून बाहेर यायचं. आला तो कारागीर.

तिला लगेच पत्र टाकलं. कॉलेज सोडलं तेव्हा तिने बजावलं होतं, आयुष्यात एक तरी गोष्ट शेवटाला नेऊन दाखव, मगच माझ्या बाबांसमोर उभा राहा. एकतीस तारखेला ते तिच्या लग्नाचा दुसरीकडे शब्द देणार आहेत. अठ्ठावीस दिवस. बघतोच!

९ मार्च
मिस्त्रींनी कानस धरायला शिकवलं. लोखंड कापायचं नसतं म्हणे, त्याची समजूत काढायची असते. खाच हवी तेवढी झाली की थांबायचं. कानशीचा एक हात जास्त पडला की किल्ली भंगारात. माझी तिसरीच किल्ली त्यांनी उजेडात धरून उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, असे हात मी आजवर तिघांचेच पाहिले. मी असा फुगलो! जेवताना त्यांच्या बायकोला, काकूंना, विचारलं की ते तिघं आता कुठे असतात, बरेच मोठे झाले असतील. काकू म्हणाल्या, अरे, वरच तर आहेत, तुझ्या शेजारी. आणि तीन ताटं घेऊन जिना चढू लागल्या.

१५ मार्च
दुपारभर शेजारून कानशीचा आवाज. खर्र, खर्र, मग शांत, मग पुन्हा खर्र. शेवटी राहवेना. फळीच्या चिरेला डोळा लावला. माणूस म्हातारा, दाढी मांडीपर्यंत. त्याने किल्ली लावली. फिरली. कुलपाची जीभ अलगद आत गेली. इतकं सुरेख काम मी पाहिलेलं नाही. दार बोटभर उघडलं, जिन्यावरचा उजेड त्याच्या तोंडावर पडला. त्याने घाईने तोंड फिरवलं. दार पुन्हा लावून घेतलं, किल्ली काढली आणि तिच्यावर कानशीचा एक हात मारला. मग तीच लावून पाहिली. फिरेना. त्याने हुश्श केलं आणि पेटीतून नवी कोरी किल्ली काढली.

१६ मार्च
मिस्त्रींना फैलावर घेतलं. माणसं डांबून ठेवता काय, म्हणालो. ते चिडले नाहीत. म्हणाले, मी एकालाही कोंडलेलं नाही बाबा, किल्ल्या त्यांच्याच हातात आहेत. एकदा एकाचं दार फोडलं होतं, दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच ते पुन्हा बसवलं. वर मलाच विचारलं, तू कॉलेज का सोडलंस? प्रोफेसरशी भांडलो म्हणून, असं ठणकावून वर आलो. ट्रंक भरली. मग पुन्हा रिकामी केली. हेही अर्धवट सोडून तिच्यापुढे कोणत्या तोंडाने जाऊ?

२४ मार्च
कुलूप बसवलं. दार लावून घेतलं. पहिल्याच झटक्यात किल्ली अर्धी फिरली आणि मी तिथेच थांबलो. उघडलं तर उद्या तिच्या बाबांसमोर. मग मी कारागीर. मग सगळे म्हणणार, हात आहेत पोराला. आणि पुढे एखाद्या दिवशी नाही जमलं तर? जरा साफ करावी, एवढंच, म्हणून कानशीचा एक हात मारला.
फिरेना.
कोणीतरी हुश्श केलं. मीच होतो.

२७ मार्च
अकरा किल्ल्या. अकराही जमल्या. अकराही मीच बिघडवल्या.
भांडण खोटं होतं. शेवटचा पेपर सोपा होता. सगळं येत होतं, म्हणून उठलो. बाहेर जाऊन भांडण उकरून काढलं. हे आज कळलं. कळलं म्हणजे सुटलो ना?
काकू ताट दाराखालच्या फटीतून सरकवून गेल्या. चार ताटं नेतात आता.

३० मार्च
तिचा आवाज — जिन्यावर. एवढ्या लांबून आली. म्हणाली, कारागीर नको मला, नुसता बाहेर ये, शहाण्या. हसत दारावर थाप मारली. मिस्त्री म्हणाले, दार फोडू का? मी ओरडलो, नको! मीच उघडणार.
एक किल्ली जमवली आणि लगेच कानस खिडकीच्या गजांतून फेकून दिली. खाली आपटल्याचा आवाज नीट ऐकला. आता किल्ली बिघडवणार कशाने?

३१
ती दाराला टेकून बसली आहे. श्वास ऐकू येतो. शेवटची किल्ली — जमली आहे. डाव्या हाताने कुलपात धरली आहे. उजव्याने लिहितोय, मुद्दाम — म्हणजे तो हात दुसरं काही करायचा नाही.
फिरतेय. जीभ आत जातेय —

शेजारच्या कानशी थांबल्या. तिन्ही.

शेजारच्या भिंतीखालच्या फटीतून काहीतरी आत सरकलं. कानस. लाकडी मूठ, झिजून गुळगुळीत. अजून गरम आहे.

गरम — मला कसं कळलं? उजव्या हातात तर पेन आहे. मग डाव्या हातातली किल्ली —