मशिनीवरचा नारळ

तीर्थपुरी,
ता. १९ ऑक्टोबर १९८९

संपतच्या बाबांना कौसल्याचा नमस्कार.

इकडं सगळे बरे हाईत. कापूस वेचून राह्यलो. आत्याबाईंचा गुडघा दुखून राह्यला, पण तोंड बराबर चालू हाय. संपतला तुमची जुनी चप्पल यायला लागली.

तुमचं पत्र पोचलं. खंडेनवमीला तुमच्या विमानाच्या कारखान्यातल्या नव्या कम्प्युटरच्या मशिनीची तुम्ही पूजा केली, नारळ फोडला, पाणी आत उडालं अन् मशीन बंद पडली, हे आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंग बिगर पूजेची चालू करायची का? विमानाचं काम हाय ते, बैलगाडीचं न्हाई." मला हसू आलं. मंग सगळ्यांसमोर तुम्हाला कसं झालं असंल ते ध्यानात आलं अन् लई वाईट वाटलं.

पण अहो, मशीन वाळली, दुसऱ्या दिवशी चालूबी झाली, हे तुम्हीच लिहिलं. साहेब रागावले, अन् त्यांनीच मंग सरकारी खर्चानं बंगळूरला वर्षभर ती मशीन शिकायला तुमचं नाव दिलं. तरी तुम्ही म्हणता, सरकारनं एवढा पैसा घालून आणलेल्या मशिनीला आता हात लावणार न्हाई, राजीनामा देतो अन् दिवाळीला कायमचा घरी येतो.

खरं सांगू का? 'कायमचा' वाचलं अन् मला आनंद झाला. लगेच मधल्या खोलीतला कापूस पडवीत काढला, खोली सारवली, तुमची बाज टाकली. शेजारच्या उषाबाईला सांगूनबी आले. लग्न झाल्यापासून सणवार सोडून तुम्ही घरात कधी राह्यलेच न्हाई. मला तुम्ही इथं पाहिजे. जेवताना पाहिजे, भांडायला पाहिजे.

खोली आवरून त्या बाजेवर टेकले, अन् मंग भ्या वाटलं. तुम्ही येताल, पण मान खाली घालून येताल. वरून विमान गेलं की संपतला म्हणता ना, त्यातला एखादा तुकडा माझ्या हातचा असंल, ते म्हणणं बंद होईल. पुढं जन्मभर माझ्यावरच चिडचिड करताल. तसं मला बिलकुल नको.

साहेबांना उद्याच हो म्हणा. कम्प्युटर काय, शिकला की येतो. तुम्हाला तर मी भाकरी थापायला शिकवली.

दिवाळीला या, नक्की या. पण परत जायचं तिकीट आधी काढून या. मी रडले तरी ते फाडू नका.

तुमचीच,
कौसल्या